साडेचार इंचांची दुरुस्ती

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर
६ ऑक्टोबर

लक्ष्मीकांत,

आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव.

बारा वर्षांनी मोठ्या भावाचं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे मला आठ वेळा करून बघितल्यावर कळलं. मग तुझ्या उषावहिनीने तुझ्या बायकोला विचारलं. विनिता म्हणाली, "पत्र लिहा, कागद न वाचता फेकायची त्यांना सवय नाही." म्हणून हे पत्र.

विशेष काही नाही. सहज लिहितोय. वर्कशॉप उत्तम चाललंय. जुन्या मोटारी घेऊन माणसं लांबून लांबून येतात, नाही म्हणता म्हणता तोंड दुखतं. तुझ्या बसच्या बॉड्या कशा आहेत? गुन्याला पाऊस कसा झाला?

एक बारीकशी गोष्ट. आजोबांचे पत्रा वळवायचे लाकडी फर्मे माळ्यावर होते, ते दिसत नाहीत. गुन्याला जाताना तू काय काय नेलंस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण त्यात हेमेंद्ररावांच्या मोटारीच्या छताचा, म्हणजे छत मागे उतरतं त्या गोलाईचा, फर्मा असेल तर कळव. कामासाठी नको आहे. दसरा आला, हत्यारांची पूजा करायची, तेव्हा फर्मेही ओळीने मांडावेत असं मनात आलं, एवढंच.

उत्तराची घाई नाही. आठ दिवसांत आलं तर बरं.

माधवदादा

ता. क. फर्मा नसेल, तर ती गोलाई तुला नुसत्या नजरेने काढता येईल का? आपलं सहज विचारतो.

*

दाना ओली
१७ ऑक्टोबर

लक्ष्मीकांत,

उत्तर मिळालं. उत्तर कसलं, विनिताने वहिनीच्या मोबाईलवर एक ओळ पाठवली. "हे विचारतात, छताला हात लावला का?" एवढ्या प्रेमाने लिहिलेल्या पत्राला ही एक ओळ! बायकोच्या मोबाईलवरून! पोलीसही याहून गोड विचारतात.

नाही, मी छताला हात लावलेला नाही.

म्हणजे लावला, पण दुरुस्तीपुरता. ती मोटार तुला मी काय सांगावी? अठ्ठावीस सालची. त्या काळी विलायतेहून नुसती चासी आणि इंजिन यायचं, वरचं सगळं ज्याने त्याने आपल्या हौसेने बांधून घ्यायचं. हेमेंद्ररावांच्या पणजोबांनी, आबासाहेबांनी, ते आपल्या आजोबांकडून बांधून घेतलं. नाक कसं लांबलचक, मडगार्ड कशी लहरत गेलेली, आणि छत मात्र उंच. मला ते लहानपणापासून खटकायचं. टांगा बांधणाऱ्या हातांना मोटार जमली नसेल, असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

तर श्रावणात हेमेंद्रराव गाडी घेऊन आले. रंग, पॉलिश, गाद्या, सगळं नवं करायचं होतं. त्यांनी मोबाईलवर तसल्याच एका गाडीचा परदेशातला फोटो दाखवला. तिचं छत बसकं, देखणं. म्हणाले, "माधवराव, आपली वाली अशी का हो? बिलकुल बस दिखती है."

बस म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की ही आजोबांच्या हातची चूक आहे आणि ती दुरुस्त करणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. मग छताचे सागवानी खांब साडेचार इंच कापले, मागचा पत्रा काढला, छत खाली बसवलं. आता गाडी अशी दिसते की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. फर्मा मात्र पाठव. आठवण म्हणून.

माधवदादा

*

दाना ओली
२८ ऑक्टोबर

लक्ष्मीकांत,

हे पत्र तुझी वहिनी शेजारी खुर्ची टाकून लिहून घेते आहे. मागची दोन पत्रं तिने पाकिटात घालायच्या आधी वाचली नव्हती. विनिताकडून तिला मजकूर कळला. खरं काय ते लिहीपर्यंत चहा मिळणार नाही, असं ठरलं आहे. सकाळचे अकरा वाजलेत.

तर खरं असं आहे. सात डिसेंबरला हेमेंद्ररावांच्या मुलाचं, यशोधनचं, लग्न आहे. त्यांच्या घरात नवरदेव याच मोटारीतून मांडवात जातो, आणि डोक्यावर शिंदेशाही पगडी घालून जातो. चार पिढ्या असं चाललंय. हे मला माहीत होतं. त्यांच्या घरची दोन लग्नं मी याच डोळ्यांनी पाहिली आहेत. पण करवत हातात घेतली तेव्हा यातलं एक अक्षर आठवलं नाही. डोळ्यांसमोर तो परदेशी फोटो होता.

गणपती उठले त्याच आठवड्यात सगळे गाडी बघायला वर्कशॉपवर आले. पेढे आणले होते. गाडी बघून हेमेंद्रराव खूश. यशोधन म्हणाला, "काका, एकदा पगडी घालून बसतो, फोटो काढून तिला पाठवायचा आहे." तो बसला. पगडी छताला लागली आणि खाली सरकून भुवयांवर आली. आतून आवाज आला, "काका, कुछ दिख नहीं रहा."

मी म्हटलं, जरा वाकून बस. तो वाकला. हेमेंद्रराव म्हणाले, "माझा पोरगा काय चोरी करून चाललाय का, मान खाली घालून?"

मग त्यांच्या आत्या, सुमनताई, काठी टेकत पुढे आल्या. नव्वदीच्या आहेत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छत कोणी कापलं रे?" मी फडक्याने बॉनेट पुसायला लागलो. म्हणाल्या, "आमचे आजोबा पगडीशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नव्हते. मोटारीत बसूनही उतरवत नव्हते. म्हणून तर तुझ्या आजोबांनी छत वर घेतलं होतं. तुला घरात कोणी सांगितलं नाही?"

घरात सांगितलं असेल रे. मी ऐकलं नसेल.

पेढ्यांचा डबा त्या परत घेऊन गेल्या.

त्यानंतर मी गाडीची बैठक कापून खाली घेतली. तीही चूक झाली, आता लपवत नाही. यशोधन आत बसला तेव्हा बाहेरून खिडकीत फक्त पगडी दिसत होती. माणूस आत आहे की नुसती पगडीच लग्नाला चालली आहे, ते कळेना. बैठक परत वर घेतली.

छत पुन्हा उचलायला हवं, आणि मागचा पत्रा नव्याने वळवायला हवा. जुना मी भंगारात दिला. ग्वाल्हेरमध्ये मी चार जणांना विचारलं. एक म्हणाला, "फायबर लगा दो." मी उठून आलो.

वहिनी म्हणते, अजून एक ओळ राहिली. ती अशी, की तू गेल्यापासून बारा वर्षांत मी गोलाईचं एकही काम घेतलेलं नाही. रंग, पॉलिश आणि गाद्या करतो. लांबून माणसं येतात हे खरं, पण ती गाद्यांसाठी येतात.

चहा आला.

माधवदादा

*

दाना ओली
८ नोव्हेंबर

लक्ष्मीकांत,

विनिताची ओळ आली. "हे म्हणतात, आधी मडगार्डांबद्दल लिहा."

लिहितो. त्यात न लिहिण्यासारखं काय आहे? बारा वर्षांपूर्वी याच गाडीची पुढची दोन्ही मडगार्ड गंजून गेली होती. ती आपण दोघांनी मिळून नवीन केली, आणि दिल्लीला जुन्या मोटारींच्या मेळ्यात बॉडीच्या कामाचं बक्षीस मिळालं.

वहिनीने हा परिच्छेद वाचून कागद माझ्यापुढे परत सरकवला.

बरं. जास्त काम तू केलंस.

बरं, उजवं पूर्ण तू केलंस. डावं मी केलं होतं.

डावं मी बिघडवलं होतं. तू ते माझ्या नकळत पहाटे येऊन पुन्हा केलंस, आणि मी सकाळी ते बघून गिऱ्हाइकासमोर म्हणालो की रात्रभर जरा ताण निवू दिला की पत्रा आपोआप जागेवर बसतो. तू तिथेच हात पुसत उभा होतास.

आता समारंभाचं. समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. कप मला दिला, शाल मला घातली. पेपरात फोटो माझा आला. कोणीतरी मागून विचारलं, "आणि लक्ष्मीकांतने काय केलं?" मी माईकवर म्हणालो, "तो पत्रा धरून उभा होता." सगळा हॉल हसला. माईकवर हशा मिळाला की मला आणखी बोलावंसं वाटतं, हा माझा जुना आजार आहे. मी पुढे म्हणालो, "पण घट्ट धरला होता हो!" ते पुन्हा हसले. तुझी बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तू तुझी पत्रा ठोकायची मोगरी आणि कपड्यांची पेटी घेऊन गुन्याला गेलास. मी लोकांना सांगितलं, त्याला बसच्या धंद्यात जास्त पैसा दिसला.

हे मी याआधी कोणालाच सांगितलेलं नाही. लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं. माझं चुकलं, लखू. तेव्हाच चुकलं होतं आणि ते मला तेव्हाच कळलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

छताचं तू बघ. नाही आलास तरी हे पत्र परत मागणार नाही.

दादा

*

वर्कशॉप, जयेंद्रगंज
२१ नोव्हेंबर, सकाळ
माझ्या टेबलावरून तुझ्या टेबलाकडे

लक्ष्मीकांत,

तू आलास, आनंद झाला. तीन दिवस एक शब्द बोलला नाहीस, तेही समजू शकतो. पण दहा पावलांवर बसलेल्या माणसाला पत्र लिहायचं आणि ते बायकोच्या हाती पाठवायचं, हे जरा विचित्र दिसतं. वहिनी म्हणते, तिचे गुडघे दुखतात. पत्रं आता ती जेवणाच्या डब्याबरोबर एकदाच आणेल.

विचारायचं होतं ते असं. तू आल्यापासून गाडीला हातसुद्धा लावला नाहीस. पहिल्या दिवशी यशोधनला बोलावलंस, लाकडी स्टुलावर बसवलंस, डोक्यावर पगडी घातलीस आणि काठीने मोजत बसलास. मग त्याला हसायला लावलंस आणि परत मोजलंस. दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून नई सडकेवरून दोन फेऱ्या मारून आलास. हे काय चाललंय? दिवस सोळा उरलेत.

दादा

*

वर्कशॉप
२१ नोव्हेंबर, दुपार

फरशीवर खडूने लिहिलेलं उत्तर वाचलं. "आबासाहेब सव्वापाच फूट. हा सहा फूट. खड्ड्यांना दोन बोटं."

म्हणजे मला फर्मा मिळाला असता आणि मी साडेचार इंच जसेच्या तसे परत बसवले असते, तरी पगडी छताला लागलीच असती!

मी दीड महिना माळ्यावर आजोबांचा फर्मा शोधत होतो. नवरदेवाला मोजावं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आजोबांनीही फर्मा-बिर्मा काही न घेता आबासाहेबांनाच स्टुलावर बसवलं असेल, नाही का? उत्तर नको देऊस, मला माहीत आहे.

*

वर्कशॉप
२९ नोव्हेंबर

आज मागचा पत्रा वळवताना मी मदतीला पुढे आलो, तर तू फरशीवर लिहिलंस, "हात काढा." काढला.

बाजूला उभा राहून बघत होतो. तू मोगरी मारत नाहीस, नुसती पडू देतोस. साठी उलटल्यावर आज मी हे पहिल्यांदा नीट बघितलं. दोन इंच बैठकीतून घेतलेस, बाकीचे छताला दिलेस, आणि मागची गोलाई अशी लांबवलीस की गाडी उंच वाटतच नाही, ऐटीत बसल्यासारखी वाटते. सुमनताई येऊन बघून गेल्या. जाताना पेढ्यांचा डबा ठेवून गेल्या. चार तू खाल्लेस, मी मोजत होतो.

रंग मी लावतो. तेवढं मला येतं. लावू ना?

*

दाना ओली
८ डिसेंबर

लखू,

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रंग वाळला का ते बोट लावून बघितलंस, आणि पिशवी उचलून निघून गेलास. थांब म्हणायला मी येत होतो, पण शर्टाची बटणं लावून बाहेर येईपर्यंत तू कोपऱ्यावर रिक्षात बसला होतास. काल काय काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही.

सकाळी दहाला गाडी निघाली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे यशोधन, पगडी घालून, ताठ मानेने. नई सडकेवर महापालिकेने लग्नासाठी खास राखून ठेवल्यासारखा एक खड्डा लागला. गाडी उडाली. मी डोळे मिटले. मागून यशोधन म्हणाला, "काका, टच भी नहीं हुआ!" मला रडू आलं. ड्रायव्हरला वाटलं, धुळीमुळे.

अक्षता पडल्या. मग हेमेंद्रराव माईक घेऊन म्हणाले की ही गाडी ज्यांच्या हातांमुळे आज उभी आहे ते आमचे माधवराव. मला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या.

आणि मी शाल घेऊन खाली येऊन बसलो.

हो. पुन्हा. एवढं सगळं लिहून झाल्यावर, पुन्हा. माईक माझ्यासमोर होता आणि मी फक्त हसून नमस्कार केला. तुला ही गोष्ट न सांगता पुढची सांगता आली असती, पण मग ती पत्रं लिहिली कशाला?

वहिनी शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

पंगत बसली होती. स्टेजवर एक मुलगा गाणं म्हणत होता, अर्ध्यावर होता. मी जाऊन त्याच्या हातातला माईक काढून घेतला. म्हणालो, "छत माझा धाकटा भाऊ लक्ष्मीकांत याने केलं. बारा वर्षांपूर्वीची दोन्ही मडगार्डही त्यानेच केली. तेव्हा मी या समाजासमोर खोटं बोललो. पत्रा धरून मी उभा होतो."

वाढपी पळी हातात धरून थांबले. मला वाटलं, झालं एकदाचं, सुटलो. तेवढ्यात नवरीकडचे एक गृहस्थ, त्यांना मराठी येत नाही, ते मोठ्याने म्हणाले, "क्या बोले? ज़रा हिंदी में बता दीजिए."

काय करतो? सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. हिंदीत तर ते आणखीनच वाईट ऐकू येतं. "झूठ मैंने बोला था." ते गृहस्थ म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि जिलबी घेतली.

मराठीत ऐकलेली आपली माणसं मात्र अजून माझ्याकडेच बघत होती. मग सुमनताईंनी काठी आपटली आणि म्हणाल्या, "बारा वर्षं लागली रे तुला!" त्यानंतर हसले सगळे. बरंच हसले. मी माईक त्या मुलाला परत दिला. यावेळी पुढे काही बोललो नाही.

हे पत्र पोस्टात टाकवत नाही. पोस्टात टाकलं की तू वाचशील आणि विनिताच्या मोबाईलवरून एक ओळ येईल. ती ओळ चांगली आली तरी मला पुरणार नाही.

*

गुना
११ डिसेंबर
तेच पत्र पुढे

सकाळच्या बसने आलो. चढल्यावर बघितलं, बॉडीवर मागे तुझ्या कारखान्याचं नाव. मुद्दाम मागच्या चाकावरची सीट घेतली, जिथे सगळ्यात जास्त खडखडतं. शिवपुरीपर्यंत खोट काढायचा प्रयत्न केला. खिडक्या वाजत नाहीत. रिबिटांची ओळ दोरीने आखल्यासारखी. छताची गोलाई हात लांब करून तपासली, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाईसाब, कुछ टपक रहा है क्या?" म्हटलं, नाही हो, भावाचं काम बघतोय. त्या मग रस्ताभर मला वर बघून काय काय दाखवत होत्या.

आता तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर बसलो आहे. अर्धा तास झाला. तिसरा चहा चालू आहे. पत्र संपलं की उठून आत यावं लागेल, म्हणून मी ते लांबवतो आहे, हे तू ओळखलंच असशील. वहिनीने शाल पिशवीत घालून दिली आहे. म्हणाली, ज्याची आहे त्याला देऊन या, आणि देताना भाषण करू नका.

भाषण करणार नाही. पण काय बोलायचं तेही ठरत नाही. एवढ्या पत्रांत सगळं लिहून झालं, तोंडाने बोलायला काही उरलेलंच नाही.

तू मघाशी फाटकाबाहेर आलास, इकडे बघितलंस आणि आत गेलास. मी पेपर डोळ्यांसमोर धरला होता. नंतर दुसऱ्यांदा आलास, कमरेवर हात ठेवून उभा राहिलास, आणि पुन्हा आत गेलास. पेपर मी उलटा धरला होता, हे मला टपरीवाल्याने सांगितलं.

आता तिसऱ्यांदा आला आहेस. हातात स्टूल आहे. ते फाटकाच्या आत सावलीत ठेवलंस, फडक्याने पुसलंस. आता सरळ इकडेच चालत येतो आहेस, रस्त्याकडे न बघता, माझ्याकडे बघत. अरे लखू, बघून ओलांड, उजवीकडून ट्रक येतोय, लांब आहे अजून, पण हे लिहीत काय बसलोय मी, हाकच मारतो